बचतीचे वर्ष मध्येच मोडू नये म्हणून

मे महिना लागला की गोव्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणुकीची, लगबग सुरू होते. सुके बांगडे, मिरच्या, आमसोले, कांद्यांच्या माळा, उकडे तांदूळ असे सारे पहिल्या पावसाच्या आत घरात यायला हवे असते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि बाजारात जे मिळते ते महाग मिळते. पुरुमेंत करणारी बाई पाऊस आला म्हणून हिरमुसत नाही, कारण तो येणार हे तिने आधीच धरलेले असते. वर्षभरात ठरावीक रक्कम साठवू पाहणारे आपण मात्र पहिल्याच मोठ्या खर्चाला असे दचकतो, जणू असा खर्च आपल्या वाट्याला कधी येणारच नव्हता.

माझे स्वतःचे एक वर्ष असेच गेले. स्कूटरच्या इंजिनाचे काम निघाले, आवर्ती ठेवीचे दोन हप्ते चुकले, आणि ‘आता यात काय उरले आहे’ असे म्हणून मी ती ठेवच मोडून टाकली. स्कूटरला लागले साडेसहा हजार रुपये. ठेवीतून हाती आलेले उरलेले तेवीस हजार कुठे गेले, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती मुख्यतः त्या तेवीस हजारांसाठी आहे.

पहिली पायरी: रकमेआधी काम ठरवावे

‘यंदा साठ हजार साठवायचे’ या वाक्यात मन गुंतत नाही. ‘स्वयंपाकघरावरची कौले बदलायची’ या वाक्यात ते गुंतते, कारण गळती रोज डोळ्यांसमोर असते. एकच काम निवडावे, त्याचा खर्च मेस्त्रीला किंवा दुकानदाराला विचारून घ्यावा आणि मगच आकडा लिहावा.

दुसरी पायरी: वर्षाचे बारा समान तुकडे करू नयेत

साठ हजारांना बाराने भागून दरमहा पाच हजार ठरवणे सोपे आहे, परंतु गोव्यातील फार थोड्या घरांचे उत्पन्न आणि खर्च असे समान चालतात. टॅक्सी, शॅक, हॉटेल, भाड्याच्या खोल्या यांवर अवलंबून असणाऱ्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, आणि नोकरदारांच्या घरीही जूनमध्ये शाळेची पुस्तके आणि पुढे चतुर्थी हे दोन खड्डे असतातच. म्हणून बचतीचे वर्ष जानेवारीऐवजी नोव्हेंबरपासून धरावे आणि हप्ते ऋतुमानाप्रमाणे लहानमोठे करावेत. उदाहरणार्थ, नोव्हेंबर ते मार्च दरमहा ७,००० म्हणजे ३५,००० रुपये. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत प्रत्येकी ५,००० म्हणजे १५,०००. जून, जुलै आणि ऑगस्ट-सप्टेंबरपैकी ज्या महिन्यात चतुर्थी नसेल तो, अशा तीन महिन्यांत प्रत्येकी ३,००० म्हणजे ९,०००. आणि चतुर्थीच्या महिन्यात केवळ १,०००. बेरीज साठ हजारच होते, पण एकाही महिन्यात घराच्या ओढाताणीमुळे हप्ता चुकण्याची वेळ सहसा येत नाही. आकडे अर्थातच प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाप्रमाणे बदलावेत. आखणीची रीत तेवढी घ्यावी.

तिसरी पायरी: येणारच असलेल्या खर्चाला संकट म्हणू नये

मागच्या वर्षी बचत कशाने मोडली हे कागदावर लिहून काढले, तर त्यातील बहुतेक खर्च तारीख ठाऊक असलेले निघतात. घराची शाकारणी मेमध्येच करावी लागते. गाडीचा विमा आणि घरपट्टी दरवर्षी भरावीच लागते. लग्नसराईत आहेर द्यावे लागतात. चतुर्थी पंचांगाप्रमाणे मागेपुढे होते (२०२५ साली ती २७ ऑगस्टला होती, २०२६ साली १४ सप्टेंबरला आहे), पण माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचे) सामान, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) साहित्य, फटाके, कपडे आणि लेकीचे नुकतेच लग्न झाले असेल तर तिच्या घरी पाठवायचे वजे (माहेरची भेट), यांतले काहीही अचानक उपटत नाही. फटाक्यांवर किती खर्च करावा, हा वाद प्रत्येक घरात वेगळा रंगतो, त्यात मी पडत नाही.

या खर्चांसाठी मुख्य बचतीपासून वेगळी पिग्मी उघडावी. दारावर येऊन रोजची छोटी रक्कम नेण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ साली दोन आण्यांपासून सुरू केली आणि आजही आपल्याकडे दुकानदारांपासून गृहिणींपर्यंत अनेकांना ती सोयीची वाटते. रोज तीस रुपये म्हटले तरी वर्षाला जवळजवळ अकरा हजार होतात. पिग्मीवरचे व्याज कमी असते हे खरे, पण येथे व्याजापेक्षा रोजची शिस्त कामाची आहे. पावती मात्र त्याच दिवशी घ्यावी.

चौथी पायरी: पैसे एकाच गठ्ठ्यात ठेवू नयेत

बँकेच्या आवर्ती ठेवीत हप्ता ठरलेला असतो, म्हणून सर्वांत ओढाताणीच्या महिन्यात झेपेल एवढाच हप्ता, म्हणजे वरच्या उदाहरणात १,००० रुपये, तेथे लावावा. उरलेली रक्कम दर महिन्याला वेगळ्या मुदत ठेवीत टाकावी, म्हणजे हंगामात ६,००० रुपयांच्या पाच पावत्या होतात आणि उन्हाळ्यात ४,००० रुपयांच्या दोन. याचे कारण सोयीपेक्षा मनाशी अधिक निगडित आहे. एकच मोठी ठेव असली तर गरज चौदा हजारांची असतानाही सगळीच मोडावीशी वाटते. लहान पावत्या असल्या तर ६,००० ची एक आणि ४,००० च्या दोन मोडून भागते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर व्याज कमी मिळते, मुद्दल जात नाही.

टपाल कार्यालयाची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, परंतु ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे एका वर्षाच्या कामासाठी ती उपयोगाची नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात असू द्यावे की प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही.

पाचवी पायरी: धक्का बसल्यावर तो महिन्यांत मोजावा

वरच्या आखणीप्रमाणे जुलैअखेर ५१,००० रुपये जमलेले असतील. समजा, त्याच वेळी घरात कोणी आजारी पडले आणि १४,००० रुपये गेले. हाती राहिले ३७,००० आणि ऑक्टोबरपर्यंत ठरलेले हप्ते भरले तर होतात ४६,०००. अशा वेळी मन म्हणते की लक्ष्य बुडाले. त्याऐवजी कमी पडलेल्या रकमेला हंगामातील हप्त्याने भागावे. चौदा हजार भागिले सात हजार, म्हणजे दोन महिने. कौले ऑक्टोबरअखेरऐवजी डिसेंबरअखेर बसतील, एवढाच त्या आजारपणाचा बचतीवरचा परिणाम आहे. हा भागाकार डोक्यात न करता वहीत करावा आणि नवी तारीख जुन्या तारखेशेजारी लिहावी. जुनी खोडू नये, कारण किती अंतर पडले हे डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे.

पुढचा हप्ता, तो कितीही लहान असला तरी, ठरलेल्या दिवशीच भरावा. त्या महिन्यात हजार जमत नसतील तर दोनशे बाजूला टाकावेत. रिकामा गेलेला एक महिना भरून काढता येतो, पण सलग दोन रिकामे गेले की वही कपाटात जाते. हप्ता चुकल्याची भीतीही प्रत्यक्षापेक्षा मोठी असते: टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीत चुकलेल्या दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो, म्हणजे दोन हजारांच्या हप्त्याला वीस रुपये. वीस रुपयांच्या दंडाला घाबरून खात्याकडेच पाठ फिरवणारे लोक मी पाहिले आहेत.

आजारपणाच्या खर्चाबाबत आणखी एक खबरदारी आधीच घेता येते. राज्य शासनाच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कार्डाची मुदत संपलेली असल्याचे इस्पितळाच्या दारात कळू नये, यासाठी नोव्हेंबरमध्ये बचतीची वही उघडतानाच ते कार्डही काढून पाहावे.

सहावी पायरी: हिशेब घरात दिसेल असा ठेवावा

मोबाईलमधील आकडा आपल्यालाच दिसतो आणि नको तेव्हा दिसेनासाही करता येतो. स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर हप्ता भरल्याच्या दिवशी खूण करावी, आणि शेजारी साठ चौकोनांचा कागद लावून दर हजाराला एक चौकोन रंगवावा. मुले असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. ती विसरत नाहीत आणि चुकलेल्या हप्त्याविषयी विचारायला लाजतही नाहीत. पैसे काढावे लागले तर रंगवलेला चौकोन पांढरा करू नये, त्यावर पेन्सिलीने फुली मारावी आणि पैसे परत भरले की ती पुसावी.

नोव्हेंबर उजाडला आणि काही फुल्या शिल्लक असल्या, तरी नवा कागद लगेच लावू नये. हंगामाचे पहिले हप्ते जुन्या कागदावरच्या फुल्या पुसण्यासाठी वापरावेत, मेस्त्रीला तारीख द्यावी आणि मग पुढच्या वर्षाचे काम ठरवायला बसावे.