टीव्ही घुमतोय, रेडिओ खरखरतोय? संच उघडण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करण्यात माझी २५ वर्षं गेली. पिक्चर ट्यूबचे डबे गेले, भिंतीवरचे पातळ टीव्ही आले, पण गिऱ्हाईक दारात येऊन म्हणतं ते तेच: "मालक, आवाज बिघडलाय, स्पीकर बदलून टाका." बहुतेक वेळा स्पीकरला काही झालेलं नसतं. खरखर बाहेरून आत शिरलेली असते. ती कुठून शिरली हे शोधायला तासभर बसावं लागतं, आणि तेवढा धीर कुणाला नसतो. मलाही नव्हता, ते आधी कबूल करतो.

एकदा एक आजोबा ट्रान्झिस्टर घेऊन आले. मिलमधून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढं. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. तक्रार अशी की नेमकं बातम्यांच्या वेळी 'घुर्रर्र' सुरू होतं. मी संच उघडला, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये क्लीनर मारला, सेलच्या गंजलेल्या पट्ट्या घासल्या आणि लावून दाखवला. लांबच्या स्टेशनची असते तेवढी बारीक सरसर सोडली तर आवाज स्वच्छ. पैसे घेतले. चार दिवसांनी आजोबा परत आले. पुन्हा उघडला, पुन्हा स्वच्छ. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "तुमच्या दुकानात शहाण्यासारखा वागतोय, घरी गेला की अंगात येतंय बघा त्याच्या." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दुखणं घरात होतं आणि मी औषध रेडिओला देत होतो.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच त्यांच्या घरी जाऊन बसलो. रेडिओ शांत. सात वाजता सूनबाई पूजेला आल्या, देवघरातला दिवा लावला, वरचा बल्ब लावला, आणि घुर्रर्र! रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतलेला स्वस्तातला एलईडी बल्ब होता. बटण बंद केलं की निवेदक बोलायचा, चालू केलं की बुडायचा. आजोबा माझ्याकडं बघत होते आणि मी बल्बकडं.

एलईडी बल्बच्या बुडात एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारा सर्किटचा तुकडा, असतो. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याचे पडसाद थेट मिडीयम वेव्हच्या पट्ट्यात, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये पडतात. चांगला बल्ब बनवणारा तिथं गाळणीसारखी एक कॉइल आणि कपॅसिटर टाकतो. स्वस्तातला बनवणारा पहिल्यांदा तेच वाचवतो. पुण्याचं स्टेशन ७९२ किलोहर्ट्झवर, अडीचशे किलोमीटरवरून थकून आलेलं. बल्ब चार हातांवर. कोण जिंकणार? एफएमला एवढा त्रास होत नाही, कारण तिथं आवाज लहरीच्या उंचीत नसतो, वारंवारितेतल्या चढउतारात असतो. वरून चढलेली खरखर रिसीव्हर छाटून टाकतो.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. रेडिओची तक्रार आली की घरी जातो, रेडिओ सेलवर लावतो आणि घराचा मेन स्विच पाडतो. खरखर थांबली तर भूत घरातच आहे. मग बोर्डावरचा एकेक एमसीबी, म्हणजे खोलीखोलीचा खटका, वर करत जायचं. थांबली नाही तर भूत शेजाऱ्याकडं किंवा लाईनवर. टीव्हीतल्या खरखरीसाठीसुद्धा माझ्या पिशवीत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. स्टेशन नसलेल्या जागी लावून तो बोर्डाजवळून, चार्जरजवळून फिरवायचा. जिथं तो जास्त ओरडेल तिथं चोर. यापेक्षा महागडं यंत्र मला आजवर लागलेलं नाही.

मिडीयम वेव्हसाठी रेडिओची दांडी ओढून उभी करू नका. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हची. मिडीयम वेव्हचा एरियल आत आडवा असतो, फेराइटची कांडी. म्हणून संचच हळूहळू गोल फिरवायचा. एका दिशेला खरखर दबते, तिथं ठेवून द्यायचा. फुकटची दुरुस्ती असल्यामुळं यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

एप्रिल-मेमध्ये या तक्रारी वाढतात, कारण सोलापूरच्या उन्हात पंखा दिवसरात्र चालतो. गोल फिरणारा, खटके नसलेला स्वस्त रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धी लहर मध्येच कापतो, सेकंदाला १०० वेळा. पंखाही गुणगुणतो आणि रेडिओही. खटक्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा.

आता टीव्हीकडं येतो, आणि जिचा मला मनापासून राग आहे त्या चुकीकडं. होम थिएटर 'हूंऽऽ' करतंय म्हणून प्लगची तिसरी पिन मोडणं.

पूर्व भागातलं घर, खाली माग, वर राहायला. मुलानं नवं होम थिएटर आणलं. बंद पडद्यावरही हूं चालूच. कुठल्या तरी व्हिडिओत बघून त्यानं पकडीनं अर्थची, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी, जाड पिन मोडली. हूं बंद! पठ्ठ्यानं चार मित्रांना उपाय सांगितलासुद्धा. महिन्याभरानं मला फोन आला: "अण्णा, आईला फरशी पुसताना होम थिएटरच्या डब्याला हात लागला, झिणझिण्या आल्या." मीटर लावला तर डबा आणि अर्थ यांच्यात ११० च्या आसपास व्होल्ट. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. पण अर्थच नसल्यावर, ज्या दिवशी आतलं इन्सुलेशन जाईल त्या दिवशी त्या पत्र्यावर पूर्ण २३०. ओली फरशी, अनवाणी पाय. मी त्या पोराला त्याच्या आईसमोर बोललो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

हूं कुठून येत होतं? होम थिएटरला एक अर्थ प्लगमधून, दुसरा केबलच्या वायरच्या जाळीतून, गल्लीत कुठं तरी जोडलेला. दोन अर्थांमध्ये थोडा फरक पडला की ऑडिओ वायरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो, तोच ऐकू येतो. ओळखायला दहा सेकंद पुरतात: सेट-टॉप बॉक्समधून केबल उपसा. हूं गेलं? मग केबलच्या वाटेत छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीचा अर्थ तोडणारा जोड) घाला आणि टीव्ही, बॉक्स, होम थिएटर एकाच बोर्डावर घ्या. मी आधी तीन पिनांचा नवा प्लग बसवला, मग हे केलं. हूं गेलं आणि अर्थ राहिला. शिवाय उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. इथं माणसांनाच पाणी पुरत नाही, खड्ड्याला कोण पाजणार, हे मला ठाऊक आहे. भांडी विसळलेलं ओता.

खाली माग चालू असताना वर टीव्ही १०० वर नेऊन ठेवण्याची खोडही इथलीच. पातळ टीव्हीचे स्पीकर तळहाताएवढेही नसतात, तोंड खाली किंवा मागं. आवाज फाटणारच. साऊंड सेटिंगमध्ये संवाद उठवणारा मोड लावा, सराऊंड बंद करा. बॉक्सचा व्हॉल्यूम तळाला आणि टीव्हीचा टोकाला असं ठेवू नका, बॉक्स वरच्या पाऊणात राहू दे.

साऊंडबार जोडला आणि मुका आहे? टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) करून बघा, मग दुकानदाराशी भांडा. मोबाईल टीव्हीच्या किंवा साऊंडबारच्या स्पीकरला चिकटून ठेवू नका, त्याची टरटर आवाजात शिरते. शोकेसची काच थरथरत असेल तर घडी घातलेला कागद खाचेत सारा. 'स्पीकर फाटला' म्हणून आलेल्यांपैकी काहींचा स्पीकर एवढ्यावर बरा झालाय.

आजोबांच्या देवघरात मी माझ्याच दुकानातला बल्ब लावून आलो. पैसे मागायची सोय नव्हती, आधीच दोनदा घेतले होते. तरी पंधरा दिवसांनी पुन्हा घुर्रर्र. या वेळी शेजारच्यांच्या गॅलरीतली आकाशकंदिलाची माळ होती, दिवाळी उलटली तरी लटकत राहिलेली. ती उतरवून घ्यायला आजोबा स्वतः फराळाचा डबा घेऊन गेले.