बेअरिंगचा गाडा करताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या आसपास लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढीला खेळण्यांच्या दुकानाचे फारसे कौतुक नव्हते, कारण कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेली जुनी बेअरिंगे, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणि सरळ करून घेतलेले खिळे एवढ्यावर आमचा गाडा, म्हणजे चाकांच्या जागी बेअरिंगे लावलेली, वर बसून उतारावरून सोडायची फळी, उभा राहत असे. आता पुतण्याची मुले तोच गाडा करायला माझ्याकडे येतात आणि आम्ही केलेल्या चुका जशाच्या तशा करतात.

सर्वांत मोठी चूक आसावर बेअरिंग चढवताना होते. बेअरिंगला एकात एक अशी दोन पोलादी कडी असतात आणि त्यांच्यामध्ये छर्रे. आस घट्ट बसतो तो आतल्या कड्यात, परंतु हाताला सोपे पडते म्हणून मुले हातोडा बाहेरच्या कड्यावर घालतात. मग घावाचा सगळा जोर छर्ऱ्यांतून आरपार जातो आणि ज्या खाचेत छर्रे फिरतात तिला बारीक खळगे पडतात. सातवीच्या सुट्टीत एका कारखान्यात महिनाभर चहा पोहोचवून मी ६२०४ क्रमांकाची दोन बेअरिंगे मिळवली होती आणि ती अशीच, अवघ्या पाच मिनिटांत, मारून टाकली. चाक हाताने फिरवले की कट-कट वाजायचे आणि दर फेरीला एका जागी अडायचे, त्यामुळे गाडा सतत डावीकडे ओढत असे. लेथवरचे टर्नरमामा एवढेच म्हणाले, “आरं, भाइरनं का हाणाय लागलाईस? छर्रं मरत्यात की.”

त्यानंतर मी आतल्या कड्यावर नेमका टेकेल असा लोखंडी नळीचा तुकडा ठेवल्याशिवाय हातोडा उचललेला नाही. ६२०४ च्या भोकाचा व्यास २० मिलिमीटर असतो. बाभळीच्या आसाचे टोक पटाशीने २१ मिलिमीटरपर्यंत उतरवावे आणि उरलेले काम कानशीने, दर चार घासांनी बेअरिंग लावून पाहत करावे. यात एक दुपार जाते. ती दुपार वाचवण्यासाठी टोक बारीक तासून त्यावर चिंधी गुंडाळणारे पुष्कळ असतात. त्यांचे बेअरिंग पहिल्या वळणावर गटारात सापडते.

बेअरिंग डिझेलने धुऊन वाळवावे आणि ग्रीस भरावे. गोडेतेल घातल्यास धूळ धरते. मागचा आस पुढच्यापेक्षा रुंद ठेवावा. पुढचा आस खिळ्यावर फिरवू नये, तर गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घालावा, दोन्ही बाजूंना वायसर द्यावे आणि वर दुसरा नट आवळावा, कारण रस्त्याच्या हादऱ्याने एकटा नट हमखास सुटतो. आस अति वळू नये म्हणून फळीखाली दोन अडणी ठोकाव्यात, नाहीतर गाडा वळवायचा कासरा जोरात ओढताच गाडा उलटतो.

ब्रेकविषयी मात्र माझा संयम संपला आहे. “पायाने थांबवू” हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे, आणि ते प्रथम मीच म्हटले होते. टेंबलाईच्या टेकडीच्या उतारावर मी वडिलांच्या नव्या कोल्हापुरी चपला घालून बसलो आणि खाली म्हैस आडवी आल्यावर दोन्ही टाचा डांबरावर रोवल्या. चामड्याचा तळ डांबरावर सपशेल घसरला, टाचेचे थर उसवले आणि गाडा घाणेरीच्या झुडपात शिरला. म्हैस जागची हलली नाही. घरी काय झाले ते सांगत बसत नाही.

पुष्कळजण चाकावर लाकडी ठोकळा दाबणारा ब्रेक करतात, तोही निरुपयोगी असतो. पोलादी कड्याची डांबरावर पकडच नसते. चाक थांबते आणि गाडा तसाच घसरत राहतो. ब्रेकने रस्त्यालाच घासले पाहिजे. मी बिजागरीवर लाकडी दांडा बसवतो आणि त्याच्या खालच्या टोकाला स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा दोन्ही बाजूंनी, म्हणजे जमिनीला न लागणाऱ्या ठिकाणी, खिळे मारून पक्का करतो. तळाला खिळे मारले तर रबर झिजताच खिळ्यांची डोकी रस्त्यावर घसरू लागतात. आता टेंबलाईच्या उतारावर वाहनांची रहदारी असते, म्हणून गाडा बंद आवारातच सोडायचा, ही माझी अट आहे.

मुलांचा गाडा सध्या माझ्या पडवीत उलटा पडलेला आहे. चाके छान फिरतात, ब्रेकचा दांडा अजून कापायचा आहे, आणि उद्या रविवार असल्याची आठवण मला सकाळपासून चार वेळा करून देण्यात आली आहे.