तुर्कस्तानात लहान मुलांची दिनचर्या बसवताना

लहान मुलांना घेऊन तुर्कस्तानात राहायला आलेल्या कुटुंबाने मायदेशातले वेळापत्रक जसेच्या तसे चालवण्याचा अट्टाहास करू नये, पण ते अगदी वाऱ्यावरही सोडू नये. सकाळची उठण्याची वेळ, दुपारची झोप आणि दिवसातले एक घरचे जेवण एवढे काटेकोरपणे सांभाळावे. बाकीच्या दिवसात शेजारपाजाऱ्यांना खुशाल वाटा द्यावा, कारण इथे मूल हे सगळ्या आळीचेच मानले जाते.

हिवाळ्यातली सकाळ सर्वांत अवघड असते. २०१६ पासून देशात वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळली जात असल्यामुळे डिसेंबरअखेरीस इस्तंबूलमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि मुले अंधारातच शाळेला निघतात. त्या दिवसांत रात्रीची झोप लवकर घ्यावी आणि कपडे व दप्तर आदल्या रात्रीच काढून ठेवावे. न्याहारीला चीज, ऑलिव्ह, उकडलेले अंडे, काकडी, टोमॅटो आणि पाव असे इथले ताट मांडले, तर स्वयंपाकाचा वेळ वाचतो आणि शाळेतल्या खाण्याचीही मुलांना सवय होते.

घराबाहेर पडताना पिशवीत जास्तीचे मोजे आणि टोपी असावी. थंड फरशीवर अनवाणी चालल्याने पोट दुखते आणि वाऱ्याच्या झोताने मूल आजारी पडते, अशी इथल्या आजीबाईंची ठाम समजूत असते. बाळाचा पाय उघडा दिसला की अनोळखी आजीसुद्धा रस्त्यात थांबवून ते बोलून दाखवते. वाद न घालता तिच्यासमोरच मोजा चढवावा. त्या टोकण्यात खरी माया असते, आणि अडीअडचणीला हीच माणसे धावून येतात.

वाढपी मुलाला कडेवर घेतो, दुकानदार 'माशाल्ला' (दृष्ट न लागो अशा अर्थाचा कौतुकाचा उद्गार) म्हणत गालाला हात लावतो आणि चॉकलेट पुढे करतो. यातले काय चालेल, हे आईवडिलांनी आधीच ठरवावे. मुलाला एखादा पदार्थ सोसत नसेल, तर त्या पदार्थाचे तुर्की नाव आणि 'अलेर्जिसी वार' (म्हणजे 'याला ॲलर्जी आहे') हे वाक्य पाठ करावे. शाकाहारी कुटुंबांनी मसुरीच्या सूपमध्येही मांसाचे पाणी असू शकते हे ध्यानात ठेवून प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे.

लसीकरणाची जुनी नोंद घेऊन जवळच्या कुटुंब आरोग्य केंद्रात पहिल्याच महिन्यात जाऊन यावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत बागा मुलांनी गजबजलेल्या असतात. ही संगत मुलांना भाषा शिकवते, म्हणून दुपारची झोप पक्की करून संध्याकाळ मोकळी सोडावी. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावण्याचा सराव घरीच करून घ्यावा.

शाळेच्या दोन तारखा आधीपासून लक्षात ठेवाव्यात. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी, १९३८ साली तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांचे निधन झाले त्या वेळी, देशभर भोंगे वाजतात आणि माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. लहान मूल दचकू नये म्हणून आदल्या रात्री त्याला हे समजावून सांगावे. २३ एप्रिल हा १९२० साली अंकारात राष्ट्रीय सभा (संसद) भरल्याचा दिवस बालदिन म्हणूनही साजरा होतो आणि त्यासाठी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या जातात. कवितेचा कागद घरी आला की शेजारच्या एखाद्या ताईकडून ती मोबाइलवर वाचून घ्यावी आणि रोज जेवणाआधी मुलाबरोबर म्हणावी.