जुन्या रुपयात चांदी किती? घरच्या घरी कशी तपासावी

आजीच्या डब्यातून निघालेले राणीछाप किंवा राजाछाप रुपये सराफाकडे नेण्याआधी त्यात चांदी किती आहे हे स्वतः तपासून घ्या. वाजवून किंवा चकाकी पाहून कस, म्हणजे चांदीचे प्रमाण, कळत नाही. त्यासाठी साल, वजन आणि पाणी या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिल्यांदा साल वाचा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडू लागली आणि १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चे रुपये निव्वळ निकेलचे आहेत. ते चुंबकाला चिकटतात, त्यामुळे लगेच वेगळे काढता येतात.

मग वजन करा. रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. अधेली त्याच्या निम्मी, पावली पाव. झिजलेले नाणे थोडे हलके भरते, त्याने घाबरून जाऊ नका.

खरी परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा लागेल, साधा स्वयंपाकघरातला चालणार नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका, एका बुडबुड्यानेही आकडा बदलतो. आता काट्यावर दिसेल ते टिपून घ्या. ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला साधारण १.१३ येते, ५० टक्क्यांच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. १.३० च्या पुढे गेले तर नाणे बहुधा चांदीचा मुलामा दिलेले आहे. झिजलेल्या नाण्याचे कोरडे वजन या आकड्याने भागा: भागाकार १०.३ च्या जवळ असेल तर जुना कस, ९.५ च्या जवळ असेल तर निम्मी चांदी.

हिशोब सोपा आहे. वजनाला कसाने गुणा. जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम चांदी निघते, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८. त्या दिवसाच्या भावाने गुणले की मोडीचा आकडा तुमच्या हातात येतो, सराफाची घट त्यातून वजा होईल.

चांदीची चवली, म्हणजे दोन आण्यांचे नाणे, १९१७ पर्यंतचीच, पुढची कॉपर-निकेलची. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या नाण्यांतही लोक फसतात. दहा रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीचे, १५ ग्रॅमचे आहे. त्याच मालिकेतला एक रुपया मात्र निकेलचा.

चिंच, राख, पावडर काहीही लावून नाणी घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतो. आणि रुपयावर १९३९ साल दिसले तर मोडीत घालण्याआधी जाणत्या संग्राहकाला दाखवा. हे साल दुर्मीळ आहे, चांदीच्या भावापेक्षा त्याला पुष्कळ जास्त मिळू शकते.