वर्षाचं घर सांभाळताना या चुका टाळा

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या पुण्यातल्या घरी तीन किलो गव्हाचा चीक पातेल्यात तयार होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता. गहू भिजत घातला त्या दिवशी कडक ऊन होतं. तीन दिवस तो भिजला, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढला आणि रात्रभर निवळत ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायला उठले, तर गच्चीवर तळं साचलेलं. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोहोचला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. आमच्याकडे तर त्याच्याही आधीपासून वळवानं पाठ धरली होती. माझ्या आईच्या हिशेबात वाळवणाला मे अखेरपर्यंत मुभा असायची. तोच हिशेब मी डोळे झाकून चालवला.

त्यानंतर घरात बसून आम्ही वर्षभरात कुठे कुठे अडतो ते नीट पाहिलं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सापडली: ज्या ऋतूत गरज पडते त्याच ऋतूत आम्ही कामाला लागत होतो. पावसाळ्याचं काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला, उन्हाळ्याचं हिवाळ्यात, असं एक पाऊल आधी सरकवलं की निम्मी ओढाताण संपते. पुढच्या चुका बहुतेक आमच्याच आहेत, आणि ओळखीच्या घरांमध्येही त्या सर्रास दिसतात.

सात जूनवर विसंबणं

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, ती तारीख पक्की असते. पावसाची नसते. म्हणून वाळवणाचे आता दोन भाग करा. चिकाच्या कुरडया, सालपापड्या, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चिकवड्या या सगळ्यांना कडक ऊन लागतं; त्या एप्रिलमध्येच उरका. उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असतात, ते मेसाठी मागे ठेवले तरी चालतात. कुरडयांची खरी वेळ ठरते ती गहू भिजत घालतो त्या दिवशी, कारण एकदा गहू भिजला की परत फिरता येत नाही. भिजण्याचे तीन दिवस, चीक निवळण्याची एक रात्र आणि वाळण्याचे दोन-तीन दिवस मिळून आठवडा जातो. तेव्हा हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज भिजत घालण्याआधी बघा. कुरडया घालायच्या सकाळी बघून काही हाती लागत नाही.

तरीही पावसानं गाठलंच, तर चीक फ्रिजमध्ये ठेवा, वरचं पाणी रोज बदला. एक-दोन दिवस तो तग धरतो. ऊन येण्याचं लक्षण नसेल तर सरळ शिजवून खा. गरम चीक, त्यावर दूध-साखर किंवा तेल-तिखट, मुलं ताटली चाटून पुसून खातात. अर्ध्या वाळलेल्या कुरडया पंख्याखाली चाळणीवर किंवा सुती कापडावर सुट्या पसरा, उलटत राहा, आणि ऊन पडेल त्या दिवशी पुन्हा बाहेर काढा. मात्र आंबूस वास आला किंवा हिरवट-काळे ठिपके दिसले, तर मन घट्ट करून टाकून द्या. तळल्यावर सगळं निघून जातं ही समजूत चुकीची आहे.

घराच्या दुरुस्तीचंही असंच. गच्ची गळते हे जुलैत कळतं, गवंडी शोधायला आपण मेमध्ये निघतो. तोवर त्याच्याकडे दहा कामं लागलेली असतात. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, मग ते पूर्ण वाळल्यावर वरचा लेप, आणि शेवटी गच्चीवर एक-दोन दिवस पाणी साठवून खाली ओल येते का ते बघायचं. हे सगळं धरलं तर महिना कुठे जातो कळत नाही. फेब्रुवारीत बोलणी करा, मार्च-एप्रिलमध्ये काम. यातली एक बारीक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. मार्चमध्ये माणूस येतो तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत असते. तो विचारतो, 'नेमकं गळतं कुठे?' आणि घरातले तिघे तीन कोपरे दाखवतात. भर पावसात, ओल उमटलेली असतानाच फोटो काढा आणि पेन्सिलीनं तिच्या कडेनं रेघ ओढून ठेवा. पाणी वर चढलं, तर दुसरी रेघ.

कोकणात घर असेल आणि तिथे म्हातारी माणसंच राहत असतील, तर शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवायला, येणाऱ्या माणसाला होळीला गेल्यावरच सांगून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात कौलांवर चढायला कुणी मिळत नाही.

गेल्या वर्षीच्या तारखेवर सण बेतणं

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा, २०२६ मध्ये, ती १४ सप्टेंबरला आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात. आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे मुहूर्त खचाखच भरतात. कार्यालय, आचारी, फुलवाला सगळेच आधी गाठावे लागतात. घरी नवी दिनदर्शिका आली की आधी अधिक महिना आहे का ते बघा.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी तर हे वहीत ठळक लिहून ठेवावं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे यंदा १२ सप्टेंबरला निघायचं तर १४ जुलैला सकाळी आठ वाजता तयार राहायला हवं. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, परतीचं तिकीट. त्याचे साठ दिवस परतीच्या तारखेपासून मागे मोजायचे असतात, म्हणून तो दिवस वेगळा येतो आणि जाण्याचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात तो निसटतो. दिनदर्शिकेवर दोन्ही दिवस लिहा. दुसरी, वेळापत्रक. कोकण रेल्वेवर साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश धावतात, सुटण्याच्या वेळाही बदलतात. गेल्या मेमधली वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर गेलेलं एक कुटुंब मी डोळ्यांनी पाहिलं आहे: हातात गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, दोन लहान मुलं, आणि गाडी केव्हाच गेलेली. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा.

तिकीट हुकलं तर गणपती विशेष गाड्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवा. त्यांचं आरक्षण वेगळ्या तारखेला उघडतं. वाडीतली दहा-वीस घरं एकत्र निघणार असाल तर एसटीचं गट आरक्षण हा चांगला मार्ग आहे, गाडी थेट गावापर्यंत जाते.

धान्य भरताना

वर्षाचं धान्य भरणाऱ्या घरांतून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईनं. गहू गच्चीवर उन्हात घातला, संध्याकाळी पाऊस येईलसं वाटलं, आणि तापलेलाच कोठीत ओतला. झाकण लागलं की आतली वाफ गार होऊन पाणी सुटतं, वरच्या थरात ओलावा धरतो आणि ऑगस्टमध्ये कोठी उघडली की कुबट वास येतो. ऊन दाखवलेला गहू घरात रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत खडखडीत वाळलेला हवा. ओला पाला घातला तर त्याच्यापासूनच बुरशी सुरू होते. तांदळाला कडक ऊन दाखवू नका, दाणा तडकून कणी पडते. तूरडाळीला एरंडेलाचा हात पुरतो, दाण्यावर चकाकी येईल इतकाच.

किडे झाले म्हणून घाबरून जाऊ नका. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा थोडं थोडं धान्य, रवा, डाळ घट्ट पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. मग चाळून वापरा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, ज्यांना गावाकडे सरसकट सल्फास म्हणतात, त्या राहत्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नका. हवेतल्या दमटपणानंसुद्धा त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत, पोत्याशेजारी झोपलेल्या माणसांचे जीव यानं गेले आहेत. त्या गोदामासाठी आहेत, तेही जाणकार माणसाच्या हातात. दुकानदारानं कागदात बांधून दिल्या तरी परत करा.

कांद्याचं गणित वेगळं. जानेवारी-फेब्रुवारीत भाव उतरला म्हणून पोतंभर लाल कांदा घेतला जातो आणि मार्चपर्यंत त्याला कोंब येतात, निम्मा सडतो. पोळ (खरिपाचा) आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) हे खाऊन संपवायचे कांदे. साठवणीचा तो उन्हाळी, एप्रिल-मेमध्ये येणारा. त्याची मान बारीक आणि मिटलेली असते, साल कोरडी, हाताळताना सळसळते. जाळीच्या पोत्यात किंवा बांबूच्या टोपलीत, हवा खेळेल असा ठेवा, बटाट्यापासून लांब, आणि दर आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले काढा. चातुर्मास पाळणाऱ्या घरात आषाढातल्या कांदेनवमीला उरलेला कांदा संपवतात, तर त्यांनी साठवणीचा आकडा तिथपर्यंतच धरावा.

मापही दरवर्षी तपासा. आमच्याकडे सासूबाईंच्या काळातलं, नऊ माणसांचं माप पाच जणांसाठी चालू होतं. हल्ली प्रत्येक पोतं किंवा डबा उघडला की त्याच्यावर खडूनं तारीख लिहितो. दोन वर्षांत आपल्याला किती लागतं ते आपोआप कळलं.

निकाल लागल्यावर दाखल्यांची धावपळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की सरकारी दाखले मिळतात त्या सेतू केंद्रापुढे रांग लागते, आणि तीच वेळ शाळा सुरू होण्याची, वह्या-रेनकोटांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला यांसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे मागासवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून आपलं कोणत्या वर्षापर्यंत आहे ते आताच काढून बघा आणि संपत असेल तर एप्रिल उजाडताच अर्ज करा. जात वैधतेला, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, सगळ्यात जास्त वेळ लागतो. मूल अकरावीत असतानाच त्याला हात घाला, कारण जुने कागद गोळा करण्यातच महिने जातात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो बहुतेकदा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात मिळतो, आणि त्यावर आडनाव वेगळं लिहिलेलं निघतं. अशा वेळी गावाला जाणं होतं ते दिवाळीत. तेव्हाच शाळेत आणि तलाठ्याकडे चौकशी करून या. विदर्भात शाळा जूनमध्ये आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, तेवढा वेळ तिकडच्या पालकांना जास्त मिळतो.

महिन्याचं बजेट, वर्षाचा खर्च

फी, विमा, घरपट्टी, सण, धान्य यांतलं काहीच दर महिन्याला येत नाही, म्हणून महिन्याच्या हिशेबात ते दिसत नाही. सगळ्यांची बेरीज करा, बाराने भागा, तेवढी रक्कम पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. आणि दिवाळी कोणत्या तारखेला येते तेही बघा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे पगार संपत आलेला. यंदा ते ८ नोव्हेंबरला, पगारानंतर लगेच. दिसायला सोपं वाटतं, पण पुढचे तीन आठवडे त्याच पैशांत काढायचे असतात.

सगळं एकीच्याच डोक्यात

ही चूक मी शेवटी लिहिते आहे, पण माझ्या मते ती सगळ्यात मोठी. एका मार्चमध्ये सासूबाईंचा हात मनगटात मोडला. तेव्हा कळलं की गहू कुणाकडून येतो, मिरचीत बेडगी किती आणि संकेश्वरी किती, मसाला कुटायच्या डंकावर नंबर कधी लावायचा, टाकी धुणारा कुठे भेटतो, यातलं घरात दुसऱ्या कुणाला काहीही माहीत नाही. त्या पलंगावरून सांगत होत्या, आम्ही चौघं धावत होतो. रात्री दुखणं वाढलं की त्यांना झोप यायची नाही, आणि त्या दुखण्याबद्दल काही न बोलता 'कैऱ्या आणल्या का रे कुणी?' एवढंच विचारायच्या. मला तेव्हा फार अपराधी वाटलं. तीस वर्षं त्यांनी हे ओझं एकटीनं वाहिलं होतं आणि आम्हाला ते काम वाटलंच नव्हतं.

त्या बऱ्या होईपर्यंत त्यांना विचारून विचारून आम्ही एक वही केली. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: कधी संपायला हवं, त्यासाठी सुरुवात कधी करायची, आणि कोण करणार. दिनदर्शिकेच्या चौकटीत आम्ही सुरुवातीची तारीख लिहितो, कारण शेवटची तारीख दिसते तोवर उशीर झालेला असतो. तिसऱ्या रकान्यात एकच नाव वारंवार येऊ लागलं की कामं वाटून घेतो. दर संक्रांतीला अर्धा दिवस सगळे बसून वर्ष पुढे ओढतो. सासूबाई मध्ये असतात आणि मुलं लिहितात.

यंदाच्या वहीत मुलाच्या अक्षरात '१४ जुलै, सकाळी ८, तिकीट: बाबा आणि मी' असं आहे. चिकासमोर '१० एप्रिलच्या आत, आधी अंदाज बघणे'. आणि ऑगस्टच्या पानावर मुलीनं लिहिलंय: 'ओल कुठे येते त्याचे फोटो. पेन्सिल विसरू नये.'