पणजीचं आयुष्य कागदांतून कसं शोधायचं

वंशावळ काढायला बसलं की पुरुषांची सात पिढ्यांची नावं मिळतात आणि बायकांच्या जागी काहीच नसतं, म्हणून पणजी शोधायची तर आधी तिच्या नावामागे लागू नका, तिच्या नवऱ्याच्या, मुलांच्या, दिरांच्या कागदांत तिला शोधा.

सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा. "ती कशी होती" विचारलं की "फार कष्ट काढले बिचारीने" एवढंच ऐकायला मिळतं, त्यापेक्षा विचारा की पणजोबा गेले तेव्हा आजोबा केवढे होते, ती सासरीच राहिली का माहेरी आली, मुलं किती झाली न जगली किती, आधीची सवत होती का. हे चारचौघांत नाही हां, एकटं गाठून, कारण सवत किंवा टाकलेली बाई असा विषय निघाला की सगळे गप्प होतात. पितृपक्षात तिचं श्राद्ध कोणत्या दिवशी घालतात तेही विचारा. अविधवा नवमीला असेल तर ती सवाष्ण गेली, म्हणजे नवऱ्याआधी, मग बाळंतपणात गेली का हा पुढचा प्रश्न.

घरात जमीन होती का? मग जुने फेरफार काढाच, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याच्या सरकारी दप्तरातल्या नोंदी, गाव नमुना ६. मला विचाराल तर बाईचं आयुष्य सगळ्यात जास्त इथेच सापडतं. समजा नोंद अशी आहे: "गणू मयत, वारस मुलगा रामा अज्ञान, अ.पा.क. आई सखू." अज्ञान म्हणजे अजून सज्ञान न झालेला, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्याचा पालक. या एका ओळीत कळतं की त्या साली सखू विधवा होती, पदरात लहान पोर होतं आणि जमिनीच्या कागदावर पोराच्या वतीने तिचं नाव लागलं. इथे थांबू नका, पुढच्या दहा-बारा वर्षांचे फेरफार पण वाचा, जमीन गहाण पडली का, विकली का, दिराच्या नावावर गेली का, तिने काय सोसलं ते त्यातून दिसतं. नावापुढे "भ्र." दिसलं तर ते भ्रतार, म्हणजे पुढचं नाव नवऱ्याचं. आणि वारसांत मुली नाहीत म्हणून मुली नव्हत्याच असं धरू नका, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी त्यांची नावं सहसा लागायचीच नाहीत.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करायचा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा जाणकार शोधावा लागेल. तिच्या मुलांचे जन्म आणि मृत्यू दोन्ही लिहून घ्या. १९१८ मध्ये घरात एकामागे एक मृत्यू आणि कारण नुसतं "ताप" असेल तर इन्फ्लुएन्झाची साथ डोक्यात ठेवा.

आता सगळं सालवार मांडा आणि प्रत्येक घटनेपुढे तिचं अंदाजे वय लिहा, लग्न, पहिलं मूल, वैधव्य. कागदावरचं वेगळ्या रंगात, ऐकीव वेगळ्या रंगात, आणि तिला काय वाटलं असेल ते आपल्या मनाने भरू नका, तिच्यावर तो अन्याय होतो.

माहेर लागत नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या बघा, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यात लिहिलेली असतात, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे पुरोहित कोण ते कळतं. माहेरचं गाव सापडलं की तिच्या भावांच्या घरी जा, आणि हेच सगळे प्रश्न तिथे परत विचारा.