मुलाला मत्स्यालय दाखवताना

मत्स्यालयात बहुतेकांची एकच गत होते. मूल या टाकीवरून त्या टाकीकडे पळतं, मागून आई-बाबा पाट्या वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासात सगळं 'बघून' होतं. घरी आल्यावर विचारलं तर आठवतो फक्त शार्क. तेव्हा सगळ्या टाक्या बघायचा हट्ट आधी सोडा. चार टाक्या नीट बघितल्या तरी पुष्कळ झालं.

आदल्या दिवशी मुलाबरोबर बसून तीन-चार प्राणी ठरवा. त्यातला एक तरी त्याने स्वतः निवडलेला असू द्या. छोटी वही आणि पेन्सिल घ्या. शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा आणि दार उघडल्या उघडल्या आत शिरा, कारण गर्दीत लहान मुलाला मोठ्यांच्या पाठीच दिसतात. माशांना खायला कधी घालतात, तेही विचारून ठेवा.

आत गेल्यावर काचेवर टकटक करायची नाही, हे कारणासकट सांगा. बऱ्याच माशांच्या अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातली हालचाल आणि कंपनं माशाला तिच्यामुळे कळतात. मुलाला ती रेघ शोधायला लावा. सापडली की तेच इतरांना टकटक करू देत नाही! फोटो काढा, पण फ्लॅश बंद ठेवून.

पाटी शेवटी वाचा. आधी अंग बघायचं. तोंड वरच्या बाजूला वळलेलं असेल तर मासा बहुधा वरवरचं खाणारा, खाली वळलेलं असेल तर तळाशी चरणारा. चंद्रकोरीसारखी शेपटी लांब पल्ल्याच्या वेगवान पोहणाऱ्याची, रुंद आणि गोलसर शेपटी थोड्या जागेत झटकन वळणाऱ्याची. मुलाला अंदाज बांधू द्या, मग पाटीशी ताडून बघा. अंदाज चुकला तरी लक्षात राहतो.

जास्तीत जास्त वेळ द्यायचा असेल तर तो पाकट माशाला द्या. हा चपटा मासा काचेला पोट लावून वर सरकतो, तेव्हा पांढऱ्या पोटावर चक्क हसरा चेहरा दिसतो. मूल म्हणेल, "ते बघ डोळे!" त्या असतात नाकपुड्या. डोळे वरच्या बाजूला. तोंडाखाली दोन्हीकडे पाच-पाच फटी मोजायला सांगा, ते कल्ले. मग विचारा, तोंड खाली आणि हा वाळूत पडून राहणार, तर श्वास घेताना वाळू आत जात नाही का? उत्तर लगेच देऊ नका. थोडा वेळ थांबलात तर डोळ्यांच्या मागची दोन छिद्रं उघडझाप करताना दिसतील. पाणी तिथून आत येतं आणि खालच्या फटींतून बाहेर पडतं.

तिथून शार्ककडे गेलात तर तशाच फटी मुलाला आपणहून दिसतील, फक्त त्या अंगाच्या बाजूला असतात. दोघं नात्यातले. दोघांच्याही अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. कूर्चा म्हणजे काय? मुलाला स्वतःचा कान दुमडून बघू दे.

बाकीच्यांना कमी वेळ पुरतो. समुद्रघोड्यांत पिल्लं नराच्या पिशवीत वाढतात. जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही, आणि अंगात सुमारे ९५ टक्के पाणीच. ऑक्टोपसला ३ हृदयं आणि निळं रक्त, पण तो बहुतेक वेळा कपारीत दडलेला असतो. दिसला नाही तर अडून बसू नका. समुद्रफूल आणि प्रवाळ मुलांना हमखास झाडं वाटतात. ते प्राणी आहेत हे सांगाच. समुद्रफुलाचे तंतू डंख मारतात, तरी क्लाउनफिश त्यातच घर करतो, कारण अंगावरच्या चिकट थरामुळे तो वाचतो.

हात लावायची टाकी असेल तर हात ओले करून दोन बोटांनी हळू स्पर्श करायचा, प्राणी पाण्याबाहेर काढायचा नाही, नंतर हात धुवायचे. जवळ कर्मचारी दिसला तर मुलालाच प्रश्न विचारू द्या. एक चांगला प्रश्न: पाणी खारट कसं ठेवता? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यापासून दूरच्या मत्स्यालयांत ते बऱ्याचदा मोजून मिसळावे लागतात.

मूल कंटाळलं की निघा, उरलेल्या टाक्या पुढच्या वेळी. घरी आल्यावर प्रश्नमंजूषा नको. न बघता एक प्राणी काढायला सांगा. पाकटाचे डोळे पोटाकडे काढले असतील तर खोडरबर उचलू नका, तुम्ही काढलेला फोटो नुसता शेजारी ठेवा.